न दाबता दाबलेली बटणं

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं व्हीबीस्क्रिप्टला निवृत्तीच्या यादीत टाकलं. बातमी छोटीच होती, पण जुन्या प्रोग्रॅमरना लागली. सेंडकीज या आज्ञेनं कीबोर्ड दाबल्याचं सोंग करून जुन्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढणाऱ्या स्क्रिप्टा त्यांच्याच हातच्या.

व्हीबीस्क्रिप्ट ज्यातून निघालं ते व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) १९९१ चं. सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. खरा बहर १९९८ च्या सहाव्या आवृत्तीचा. कमांड बटणाच्या 'व्हॅल्यू'त 'ट्रू' भरलं, की माउसला हात न लावता क्लिक इव्हेंट, म्हणजे क्लिकनंतरचा कोड, चालायचा. बिल छापण्याचा सगळा हिशेब त्या बटणाच्या पोटात कोंबलेला असे, त्यामुळे दुसरीकडून बिल छापायचं तर बटण 'दाबण्या'वाचून गत्यंतर नसे. हा निव्वळ आळस होता आणि तो पद्धत म्हणून मिरवला गेला.

कोडनं इव्हेंट उठण्याची ही सोय अंगावरही यायची. चेकबॉक्सची खूण कोडनं बदलली तरी क्लिक, टेक्स्टबॉक्समध्ये कोडनं मजकूर टाकला तरी चेंज इव्हेंट. फॉर्म उघडताना डेटाबेसमधली माहिती भरली जाई आणि प्रोग्रॅम विचारी, 'बदल सेव्ह करायचे?' वापरणाऱ्यानं तर अजून कशाला हातही लावलेला नसे! उतारा म्हणून फॉर्मच्या माथ्यावर एक बूलियन व्हेरिएबल ठेवायचं आणि प्रत्येक इव्हेंटच्या पहिल्या ओळीत ते तपासायचं. एका ठिकाणी ती ओळ राहिली आणि दोन टेक्स्टबॉक्स एकमेकांना बदलत बसले, की 'आउट ऑफ स्टॅक स्पेस'.

सेंडकीजची तऱ्हा याहून वाईट. समोर जी विंडो असेल तिच्यात अक्षरं पडत. मधेच एखादी सूचना उगवली तर एंटर तिच्यावर. विंडोज व्हिस्टावर व्हीबी६ चं सेंडकीज 'परमिशन डिनाइड' म्हणत अडूनच बसलं.

व्हीबी६ नंतर आलेल्या २००२ च्या डॉटनेटनं कोडमधून बटण दाबायला 'परफॉर्मक्लिक' दिलं. बटण डिसेबल असेल तर ते गप्प राहतं, हे शहाणपण मान्य. कॉम्बोबॉक्सला फक्त माणसानं केलेली निवड कळवणारा वेगळा इव्हेंटही मिळाला, दशकभर उशिरानं का होईना. डॉटनेटमध्येच २००६ साली आलेल्या डब्ल्यूपीएफ या विंडो बांधण्याच्या नव्या चौकटीत मात्र परफॉर्मक्लिक नाहीच. क्लिक इव्हेंट स्वतः उठवला, तर बटणाला जोडलेली कमांड चालत नाही. तिच्यासाठी स्क्रीन रीडरसारख्या साधनांकरता बांधलेल्या ऑटोमेशनचा वळसा घ्यायचा.

एवढं करून दुसऱ्याच्या विंडोतली बटणं दाबण्याची हौस मायक्रोसॉफ्टचीही सुटली नाही. २०२१ मध्ये कंपनीनं पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप विंडोज १० वाल्यांना फुकट दिलं. माणूस समोर नसताना तेच काम चालवायचं असेल, तर वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो.