तयार आज्ञावली घ्यावी कीं स्वतः लिहावी?

संगणकास त्याचें काम क्रमवार सांगणाऱ्या मजकुरास आज्ञावली म्हणतात. पुष्कळांस वारंवार लागणाऱ्या आज्ञावल्या कोणी तरी लिहून, पारखून सर्वांसाठीं ठेवितो. अशा संग्रहास ‘लायब्ररी’ असें नांव आहे. तो हाताशीं असतां तेंच काम पुन्हां स्वतः लिहावें काय? या प्रश्नाचा विचार आपण आपल्याच गांवांच्या नांवांवरून करूं.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील गांवांची वर्णानुक्रमें यादी करावयाची आहे, असें समजा. काम सोपें दिसतें. परंतु ‘सांगली’ या शब्दांत डोळ्यांस तीन अक्षरें दिसलीं, तरी संगणकांत काने, अनुस्वार, वेलांटी निराळीं धरून सहा चिन्हें सांठविलीं जातात. शिवाय युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढें आहे, मराठी वर्णमालेंत तो ‘ह’नंतर येतो. म्हणून केवळ क्रमांक पाहून लावलेल्या यादींत सांगलीकडील कळंबी कवठे महांकाळच्या आधीं, आणि साताऱ्याकडील पळशी पसरणीच्या आधीं बसते. मराठी क्रम याच्या उलट आहे. त्यांतच ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हीं जोडाक्षरें शेवटीं न्यावयाचीं!

‘आयसीयू’ या आद्याक्षरांनीं ओळखला जाणारा, १९९९ सालीं सर्वांस खुला झालेला संग्रह हें काम करितो. त्यांत अनेक भाषांचे वर्णक्रम आहेत, मराठीचाही आहे. अनेकांनीं वर्षानुवर्षें तपासलेलें हें काम सोडून नवें लिहिणें म्हणजे श्रमांचा अपव्यय होय. मात्र मराठीचा क्रम हवा, असें त्यास स्पष्ट सांगावें लागतें. न सांगितल्यास तो सर्वसाधारण क्रम लावितो, आणि कांहीं चुकल्याची सूचनाही देत नाहीं. ज्यास ‘ळ’चें स्थान ठाऊक, त्यासच ती चूक दिसेल. आज्ञावली उसनी मिळते; ज्ञान उसनें मिळत नाहीं.

याची दुसरी बाजूही पाहावी. मार्च २०१६ मध्यें ‘लेफ्ट-पॅड’ नांवाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्यानें सार्वजनिक संग्रहांतून काढून घेतली. तिजवर विसंबलेलीं जगभरचीं कित्येक कामें त्यामुळें कांहीं काळ अडलीं. ज्यास अकरा ओळी लिहितां येतात, त्यानें तेवढ्यासाठीं दुसऱ्याच्या दारीं कां जावें?

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, लहान काम स्वतः करावें. मोठें व पारखलेलें काम कृतज्ञतेनें घ्यावें. शिकण्यासाठीं मात्र तेंही एकवार स्वतः लिहून पाहावें. आणि यादी कोणीही लावो, ‘ळ’ कोठें पडला, हें आपल्या डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज ती पुढें धाडूं नये.