पुढच्या चाकाचा भरवसा

प्रवासी विमानाचा सगळा रुबाब हवेतला. जमिनीवर ते अवघडलेलंच असतं. एअरबस 320 जातीचं भरलेलं विमान 78 टनांच्या घरात जातं. त्याच्या चाकांना इंजिनाची जोडणी नसते. इंजिनं हवा मागे फेकतात, म्हणून ते पुढे सरकतं. वजनाचा बहुतेक भार पंखांखालच्या मोठ्या चाकांवर असतो. नाकाखालच्या जोडचाकावर फार तर दहावा हिस्सा येतो, पण वळायचं मात्र त्याच्याच जिवावर.

हे जोडचाक वळवण्यासाठी कॉकपिटच्या कडेला, खिडकीच्या खाली, एका हातात मावेल एवढं छोटं सुकाणू असतं. वैमानिक त्याला टिलर म्हणतात. एअरबस 320 मध्ये ते दोघांच्याही बाजूला असतं. बोइंग 737 मध्ये बऱ्याचदा फक्त कॅप्टनच्या डाव्या हाताला. टिलरने एअरबसचं पुढचं चाक 75 अंशांपर्यंत वळतं, पायाखालच्या पेडलने जेमतेम सहा. वेग वाढला की टिलरची ताकद आपोआप कमी होत जाते, कारण ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगात हाताचा एक झटका विमानाला धावपट्टीबाहेर फेकू शकतो. तोवर शेपटीवरच्या रडर या पात्याला पुरेसा वारा मिळालेला असतो आणि विमान सरळ ठेवण्याचं काम ते उचलतं. म्हणजे टिलरचं राज्य फक्त संथ चालीचं. टॅक्सी करताना, जमिनीवरून चालताना, सरळ रस्त्यावर वेग साधारण 30 नॉटच्या आत, म्हणजे ताशी 55 किलोमीटर. काटकोनातल्या वळणावर दहा नॉट.

एअरबस 320 मध्ये टिलर फिरवला की तो संदेश विजेच्या तारांतून संगणकाकडे जातो, संगणक झडप उघडतो आणि दर चौरस इंचाला 3,000 पौंड दाबाचं हायड्रॉलिक तेल चाकाला वळवतं. या साखळीतली एखादी रबरी रिंग फाटली, एखादा सेन्सर चुकीचं सांगू लागला, तर समोरच्या पडद्यावर केशरी अक्षरं उमटतात.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक छोटी पिन. विमान स्वतःहून मागे जात नाही. टग नावाचा ट्रॅक्टर त्याला टो बार या दांड्याने मागे ढकलतो. हाच पुशबॅक. त्या वेळी चाकावर हायड्रॉलिकचा दाब असला, तर टग एकीकडे ओढणार आणि विमान दुसरीकडे. टो बार झटक्याने फिरला तर शेजारी उभ्या माणसाचे पाय मोडतील. म्हणून पुढच्या चाकाजवळच्या खटक्यात ही पिन घालतात आणि चाक वळवणारा दाब तोडतात. पुशबॅक झाला की टो बार सुटतो, पिन निघते. मग कानाला हेडसेट लावलेला माणूस बाजूला, कॉकपिटमधून नीट दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो आणि लाल फीत लटकणारी ती पिन उंच धरून दाखवतो. वैमानिक हात करतो, मगच विमान हलतं. खिडकीजवळ बसणाऱ्यांनी हे एकदा अवश्य पाहावं. पिन राहून गेली तर टिलर कितीही फिरवा, चाक ढिम्म.

ती खूण म्हणजे निव्वळ शिष्टाचार नव्हे. 16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाचा पुशबॅक झाला आणि पुढच्या चाकाजवळचा तंत्रज्ञ बाजूला व्हायच्या आतच विमान पुढे निघालं. इंजिनाने त्याला आत ओढून घेतलं. विमान सुटताना जमिनीवरची माणसं किती जवळ आणि किती उघड्यावर असतात, हे प्रवाशांच्या ध्यानीमनीही नसतं.

धावपट्टीकडे नेणाऱ्या टॅक्सीवेवर सुकाणू गेलं तर काय करतात? पहिली गोष्ट, थांबतात. हवेत ही सोय नाही. जमिनीवर आहे, आणि जाणता वैमानिक ती बिनदिक्कत वापरतो. अगदीच विमान मार्गातून काढायचं असेल तर पुढच्या चाकावाचूनही ते वळवता येतं. ब्रेक डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळे लागतात, इंजिनांचा जोरही वेगळा ठेवता येतो. बैलगाडीचा गाडीवान वळणावर आतल्या बैलाला आवरतो आणि बाहेरच्याला पुढे काढतो, तोच हा प्रकार. पण अशी वळणं मोठी घ्यावी लागतात, आणि एकाच बाजूचे ब्रेक फार वापरले की ते तापतात. एअरबस 320 मध्ये ब्रेकचं तापमान 300 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर उड्डाणच करायचं नसतं. म्हणून शहाणपणाचा मार्ग एकच, टग बोलावून विमान ओढून नेणं. मुंबईसारख्या ठिकाणी तर हे लवकर व्हावं लागतं. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मोक्याच्या जागी एक विमान अडकलं की मागे रांग लागलीच.

इंजिनांचा असमान जोर वळायला मदत करतो, तसाच घातही करतो. 27 डिसेंबर 2016 च्या पहाटे गोव्यात दाबोळीहून मुंबईला निघालेल्या बोइंग 737 मध्ये 161 जण होते. दोन्ही इंजिनांचा जोर सारखा होण्याआधीच उड्डाणाचा जोर दिला गेला, एक इंजिन पुढे गेलं, दुसरं मागे राहिलं. विमान धावपट्टी सोडून मातीत शिरलं आणि गिरकी घेऊन थांबलं. जीव सगळ्यांचे वाचले, काही प्रवासी जखमी झाले.

सुकाणूच्या बिघाडाचं जगाने पाहिलेलं उदाहरण मात्र लॉस एंजेलिसचं. 21 सप्टेंबर 2005 रोजी जेटब्लूचं एअरबस 320 बरबँकहून न्यूयॉर्कला निघालं. आत 146 माणसं. उड्डाणानंतर चाकं आत घेतानाच काहीतरी बिनसल्याचं कळलं. लाँग बीचच्या नियंत्रण मनोऱ्याजवळून विमान कमी उंचीवर नेलं, तेव्हा खालच्यांनी पाहून सांगितलं: पुढचं जोडचाक 90 अंशांत आडवं झालंय. या जातीच्या विमानाला हवेत इंधन सोडून देता येत नाही, म्हणून दोन तासांहून जास्त वेळ घिरट्या घालून ते जाळलं. पुढचा भार कमी व्हावा म्हणून प्रवाशांना शक्य तेवढं मागे बसवलं. सीटसमोरच्या पडद्यांवर थेट बातम्या लागत होत्या, त्यामुळे आपलंच विमान त्यांना टीव्हीवर दिसत होतं. कॅप्टन स्कॉट बर्क यांनी मोठी चाकं आधी टेकवली, नाक जमेल तितका वेळ वर धरलं आणि मग अलगद खाली सोडलं. टायर पेटले, फाटले, धातू घासून ठिणग्यांचा लोट उठला. पण विमान सरळ रेषेत थांबलं. कुणाला खरचटलंही नाही.

तपासात जे निघालं ते त्या ठिणग्यांहून मोलाचं आहे. पुढच्या चाकाच्या खांबात, त्याने स्वतःभोवती फिरू नये म्हणून धातूचे छोटे कान असतात. त्यातले दोन तुटलेले होते. उतरण्याआधी संगणक चाक किंचित हलवून सुकाणूची चाचणी घेत असे. त्याच चाचण्यांच्या पुन्हापुन्हा बसणाऱ्या ताणाने ते कान थकून तुटले. शिवाय चाक वाकडं असल्याचं कळल्यावर ते सरळ करू न देण्याची रचना त्याच संगणकात होती. काळजी घेण्यासाठी बसवलेली चाचणीच भाग झिजवत होती. अशा तपासांचे अहवाल कुणालाही वाचायला खुले असतात, ही मला विमानवाहतुकीतली सर्वांत आदराची गोष्ट वाटते.

याच्या उलट घटना 6 फेब्रुवारी 2024 ला अमेरिकेत नेवार्कला घडली. धावपट्टीवर उतरलेल्या बोइंग 737 मॅक्सची रडरची पेडलं जागच्या जागी अडकली. कॅप्टनने टिलर धरला आणि विमान सरळ ठेवलं. 161 जण सुखरूप. शेपटीतल्या एका यंत्रात बेअरिंग उलटं बसवलं गेलं होतं, त्यामुळे ओल आत शिरून थंडीत गोठली होती.

सुकाणू बिघडून टॅक्सीवेवरून विमान परत उभं राहायच्या जागी, बेवर, येतं तेव्हा आत काय चालतं, हे आपल्याला दिसत नाही. अभियंता संगणकातला बिघाडाचा क्रमांक वाचतो, तारांच्या जोडण्या तपासतो, गरज पडली तर झडप बदलतो, मग टिलर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून चाक तेवढंच वळतंय का ते बघतो. एवढं होऊन त्याची सही झाल्याशिवाय विमान सुटत नाही. या काळात घोषणा होते ती ‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ अशी, आणि वैतागलेले प्रवासी केबिनमधल्या पोरापोरींवर राग काढतात. पुढचं चाक नीट वळत नाहीये, ते पाहिल्याशिवाय आम्ही निघणार नाही, असं साध्या मराठीत, हिंदीत सांगायला काय हरकत आहे? ऐकणाऱ्याला ते कळेल, आणि तो निमूटपणे घरी फोन करून सांगेल, जेवायला थांबू नका.