पाण्याखाली न संपलेला सिनेमा

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ए. आय. आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ जून २००१मध्ये झळकला, तेव्हापासून त्याच्याविषयी एक तक्रार हटत नाही: हा सिनेमा पाण्याखालीच संपायला हवा होता. बुडालेल्या कोनी आयलंडमध्ये डेव्हिड हा यंत्रमुलगा निळ्या परीच्या पुतळ्यासमोर अडकलेला, ‘मला खरा मुलगा कर’ अशी विनवणी करतो आहे. तिथे पडदा पडला असता, तर शोकांतिका पुरी झाली असती, असं अनेकांना वाटतं.

पण पुढे दोन हजार वर्षं उलटतात. पृथ्वी गोठलेली, माणूस नामशेष. सडपातळ, उजळ आकृत्या डेव्हिडला बर्फातून बाहेर काढतात आणि टेडी या खेळण्यातल्या अस्वलानं जपलेल्या केसांच्या बटेवरून त्याची आई मोनिका एका दिवसापुरती परत येते.

त्या आकृत्या परग्रहवासी नव्हेत. ती यंत्रांचीच पुढची पिढी आहे. प्रेक्षकांचा गोंधळ झाला यात नवल नाही, कारण ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये १९७७ साली याच दिग्दर्शकानं तशाच आकृत्या परग्रहवासी म्हणून दाखवल्या होत्या.

दुसरा आक्षेप असा, की दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या कठोर कथेला स्पीलबर्ग यांनी पाक चढवला. ब्रायन आल्डिस यांच्या १९६९च्या कथेवर क्युब्रिक यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मार्च १९९९मध्ये ते गेले. त्यांच्यासाठी कथेचा आराखडा लिहिणारे इयन वॉटसन आणि खुद्द स्पीलबर्ग, दोघांनीही सांगितलं आहे, की हा शेवट क्युब्रिक यांनाच हवा होता. उलट, यंत्रमानवांची जत्रेत चिरफाड होते तो क्रूर भाग स्पीलबर्ग यांचा.

अर्थात, शेवट कुणाचा हे कळल्यानं तो चांगला ठरत नाही. आणि त्यात उणिवा आहेतच. आई एकच दिवस का जगणार, याचं अवकाश-काळाच्या भाषेतलं स्पष्टीकरण ओढूनताणून आणलेलं वाटतं. निवेदकही गरजेपेक्षा जास्त बोलतो.

तरीही हा शेवट गोड म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सुरुवातीला एक कंपनी फक्त मोनिकावर प्रेम करणारा मुलगा घडवते. सात शब्द उच्चारले की त्याचं प्रेम कायमचं पक्कं होतं. शेवटी यंत्रं फक्त डेव्हिडवर प्रेम करणारी आई घडवतात. त्या दिवसात तिचा नवरा हेन्री नाही, पोटचा मुलगा मार्टिन नाही. तिला हे हवं होतं का, हे कुणी विचारलेलं नाही. माणसानं यंत्राशी जे केलं तेच यंत्रं माणसाशी करतात, तेही दयेपोटी. पाण्याखालच्या शेवटात फक्त डेव्हिडची कीव आली असती. इथे मोनिकाचाही विचार करावा लागतो. म्हणूनच हा शेवट अधिक धाडसी आहे.

समीक्षक रॉजर एबर्ट यांनी २००१मध्ये या चित्रपटाला तीन तारे दिले होते. २०११मध्ये त्यांनी तो पुन्हा पाहिला, चार तारे दिले आणि आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत त्याचा समावेश केला.