घरातली यंत्रं – भाग १४ : बर्फ पडेना, तर आधी गच्चीकडे बघा

झाशीला माझी आत्या राहते. तिच्या सासरचं मराठी घर तिथे चार पिढ्या आहे. किल्ल्याच्या पायथ्याच्या ज्या गणेश मंदिरात १८४२ साली लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथली गणपतीतली आरती ती अजून चुकवत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मात्र ती मंदिरही संध्याकाळवर ढकलते. गेल्या मे महिन्यात भरदुपारी तिचा फोन आला.

"अगं, फ्रीजचं ते बर्फाचं मशीन बंदच पडलंय. मिस्त्री येऊन गेला. म्हणतो, मॉड्यूल गया."

फ्रीज दोन दारांचा, मुलाने हौसेने घेतलेला. नळाची बारीक नळी मागून जोडलेली. मॉड्यूल म्हणजे बर्फ पाडणारा सगळा डबा, काही हजारांचा ऐवज. मी विचारलं, "बंद पडायच्या आधी बर्फ कसा पडत होता?"

"लहान लहान. आणि आतून पोकळ. चावला की आतून पाणी यायचं."

या एका वाक्याने माझा मॉड्यूलवरचा संशय बराचसा उडाला. साच्याला चिकटलेला सेन्सर फक्त साच्याचं तापमान बघतो. ते बहुतेक यंत्रांत उणे ८-९ अंशांच्या आसपास उतरलं की तो समजतो, बर्फ तयार. मग हीटर साचा किंचित गरम करतो, फिरता दांडा खडे ढकलतो आणि लगेच पाण्याचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो. सेकंद ठरलेले असतात, पाणी किती आलं ते कुणी मोजत नाही. धार बारीक असेल तर साचा अर्धाच भरतो, बाहेरची साल गोठते, सेन्सर फसतो आणि पोकळ खडा खाली पडतो. म्हणजे यंत्र काम करत होतं, त्याला पाणी पुरत नव्हतं.

नळजोडणीच्या बहुतेक आइस मेकरना किमान २० पीएसआय दाब लागतो, माहितीपुस्तिकेत तसं छापलेलं असतं. हा आकडा सतत दाबाने पाणी येणाऱ्या गावांतला. आपल्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, आणि टाकीच्या पाण्याला दर फूट उंचीमागे जेमतेम ०.४३ पीएसआय दाब मिळतो. आत्याची टाकी स्वयंपाकघरापासून वीसेक फूट वर, म्हणजे साडेआठ पीएसआय. वीस हवे असतील तर टाकी सेहेचाळीस फुटांवर हवी. त्यात जोडणाऱ्याने नळी आरओला लावलेली. झाशीचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं, म्हणून त्याने ते चांगल्या हेतूनेच केलं. पण आरओतला पंप पाणी पडद्यातून ढकलण्यापुरता असतो. पुढे ते साठवणीच्या डब्यातून आपल्या वजनाने खाली उतरतं, तिथे दाब नावालाच.

मग लहान खडेसुद्धा बंद का झाले? हे व्हॉल्व्ह बंद व्हायलासुद्धा पाण्याचाच दाब वापरतात, आतला रबरी पडदा पाण्याच्या रेट्याने जागेवर बसतो. रेटा नसला की तो नीट बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो, आणि ते थेंब फ्रीझरमध्ये शिरणाऱ्या नळीच्या तोंडाशीच गोठतात. बूच बसलं की पाणी संपलं.

तर घरी तपासायचं कसं? आधी बर्फाच्या डब्याशेजारची तारेची दांडी वर अडकलेली नाही ना ते बघा. ती वर असेल तर यंत्र समजतं, डबा भरलाय. साफसफाईत ती हमखास वर राहते. फ्रीझर उणे १८ वर आहे का, तेही बघा. फ्रीजच्या आतल्या चिठ्ठीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' वर्गाचा फ्रीज ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. झाशीचा मे त्यालाही भारी पडतो, तेव्हा तो भिंतीला चिकटवून ठेवू नका.

यानंतर पाणी. फ्रीजचा प्लग काढा, नळी मागून सोडवा, तोंड बादलीत धरा आणि तोटी उघडा. धार जोरात हवी. वाटेत फिल्टर असेल तर तो काढून पुन्हा बघा. धार वाढली तर फिल्टर तुंबलाय, जड पाण्याच्या गावात तो सांगितलेल्या सहा महिन्यांआधीही तुंबतो. शेवटी साच्यावरची नळी. प्लग काढलेला असतानाच कोमट पाण्यात पिळलेलं फडकं तिच्याभोवती धरा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. आतलं प्लॅस्टिक किंवा गॅसची नळी फुटली तर आइस मेकरपेक्षा मोठं दुखणं होतं. एवढं सगळं ठीक असूनही बर्फ पडत नसेल, तर मॉड्यूलचं नाव घ्यावं. वायरी आणि हीटर घरी उघडू नका, ते मिस्त्रीचं काम.

जाता जाता एक. याच मुलुखातल्या अलाहाबादला यंत्राशिवाय बर्फ करायचे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली त्याची हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. हिवाळ्याच्या रात्री खड्ड्यांत उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं अंथरून त्यावर मातीची उथळ, बिनचकाकीची भांडी मांडायची, त्यात उकळून निववलेलं पाणी थोडं थोडं ओतायचं आणि पहाटे बर्फ गोळा करायचा. त्या कामगारांनाही भांड्यात पाणी किती हवं, हे हातानेच कळत असणार.

आत्याने मॉड्यूल बदललं नाही. आरओ आणि फ्रीजच्या मध्ये छोटा प्रेशर पंप बसवला, नळीतलं बूच वितळवलं. पहिल्या दोन खेपांचा बर्फ फेकायला सांगितला होता, तो तिने तुळशीला घातला. तिसऱ्या दिवशी फोन आला, खडे भरीव पडताहेत. घरचा पंप कुठे आहे हे माहीत नसेल, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी टाकीपासून फ्रीजपर्यंतची नळी एकदा बोटाने माग काढत बघून ठेवा. पुढच्या आठवड्यात याच फ्रीजच्या मागची जाळी.