पेनिआर्थ येथील हस्तलिखितसंग्रह व त्याचा राजकारणी धनी

वेल्स देशांतील जुन्या पोथ्यांचा विषय निघाला कीं पहिलें नांव पेनिआर्थ संग्रहाचें येतें. हा संग्रह एकत्र राहिला, ह्याचें श्रेय बऱ्याच अंशीं पार्लमेंटच्या एका सभासदाकडे जातें. त्याच्या आयुष्यांतील राजकारण व पोथीसंग्रह हीं दोन्ही प्रकरणें शेजारीं ठेवून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विल्यम वॉटकिन एडवर्ड विन ह्याचा जन्म इ. स. १८०१ सालीं झाला. वेस्टमिन्स्टर शाळेंत व नंतर ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजांत त्याचें अध्ययन झालें. मेरिओनेथ परगण्यांतील पेनिआर्थ ही त्याच्या घराण्याची जमीनदारी. त्या परगण्यातर्फे तो १८५२ पासून १८६५ पर्यंत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा सभासद होता. पुढें १८६८ पर्यंत ती जागा त्याच्या पुत्राकडे राहिली व नंतर लिबरल पक्षाच्या डेव्हिड विल्यम्सकडे गेली.

ह्या कारकीर्दींतील लक्षांत राहणारें वर्ष १८५९ होय. त्या निवडणुकींत विननें विल्यम्सचा थोडक्या मतांनीं पराभव केला. तेव्हां मतदान उघड असे. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ सालचा. विनला मत न देणाऱ्या कांहीं कुळांस त्यांच्या जमीनदारांनीं शेतांवरून काढिलें. वेल्सच्या राजकीय इतिहासांत हा डाग अद्याप सांगितला जातो.

त्याच वर्षीं सर रॉबर्ट विल्यम्स वॉन ह्याच्या मृत्युपत्रान्वयें हेंगुर्ट येथील ग्रंथभांडार विनकडे आलें. सतराव्या शतकांत रॉबर्ट वॉन ह्या पंडितानें तें जमविलें होतें. पुढें त्याची दीर्घकाळ आबाळ झाली. तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें ‘कार्मार्थनचें काळें पुस्तक’, ‘टॅलिएसिनचें पुस्तक’, ‘रिडर्खचें पांढरें पुस्तक’, तसेंच चॉसरच्या ‘कँटरबरी कथां’ची एक अतिप्राचीन प्रत हीं त्यांतील रत्नें.

वंशावळी व शिलालेख ह्यांचा विनला पूर्वीपासून नाद होता. लुइस डन ह्याच्या वंशावळी १८४६ सालीं प्रसिद्ध झाल्या, त्यांस त्यानें टीपा पुरविल्या होत्या. संग्रह हातीं येतांच त्यानें तो पेनिआर्थ येथें आणून ठेविला, व १८६९ ते १८७१ ह्या अवधींत ‘आर्किऑलॉजिया कॅम्ब्रेन्सिस’ ह्या नियतकालिकांत त्याची यादी छापविली. ह्या यादीमुळें घरांत काय आहे तें घराबाहेरच्या अभ्यासकांस कळलें. छापील यादींतील पोथी गुपचूप नाहींशी होणें सोपें नसतें.

विन १८८० सालीं वारला. पुढें सर जॉन विल्यम्स ह्या वैद्यानें संग्रह विकत घेतला, व १९०९ सालीं तो अ‍ॅबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आला. २०१० सालीं युनेस्कोच्या ब्रिटनमधील ‘जागतिक स्मृति’ सूचींत त्याची नोंद झाली.

यादी छापिल्यानें कुळांचीं गेलेलीं शेतें परत मिळालीं नाहींत. इतिहासकारानें दोन्ही रकमा आपापल्या खात्यांतच मांडाव्या. मात्र ज्यांच्या घरीं रुमाल बांधलेले आहेत त्यांनीं दुसऱ्या खात्याकडे अवश्य पाहावें. वारशानें आलेला संग्रह पुढील पिढीच्या हातीं अखंड जावा असें वाटत असेल, तर धन्यानें स्वतःच्या हयातींतच त्याची यादी करून ती प्रसिद्ध करावी.