नानीची गाणी कोण लिहून घेणार?

माझ्या नानीला लग्नातली दख्खनी गाणी तोंडपाठ होती. मी उर्दू शिकवते, पण एकही गाणं लिहून घेतलं नाही. नानी अल्लाहला प्यारी झाली, गाणीही तिच्यासोबत गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बायांपाशी बसून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्याकडेही विजापूरच्या सूफी परंपरेतले दख्खनी चक्कीनामे बाया दळताना गात असत.

राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजची मुलं दोन वर्षांत २४० तास समाजासाठी देतात. परभणी, पाथरी, जिंतूरच्या मुलामुलींनी त्यातले थोडे तास मोहल्ल्यातल्या दादी-नानींना द्यावेत. गाणं ऐकावं, अर्थ विचारावा, सोबत गावं. अनोळखी शब्दांतून भाषा समजेल आणि एकट्या बसलेल्या दादीला कुणीतरी विचारणारं मिळेल. सुरुवात या जुम्याला आपल्याच घरातून करा.