ध्येय सेवेचं, पण घाई आडवी आली

ध्येय रोजच्या वागण्यात कितपत उतरतं? डार्ली आणि बॅटसन यांनी हे प्रिन्स्टनच्या ख्रिस्ती सेमिनरीत तपासलं; त्यांचा पेपर १९७३चा. धर्मसेवेचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. निम्म्यांचा विषय होता जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडला होता, मुद्दाम बसवलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली. खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने लक्षणीय फरक पडला नाही.

मग सेवेचं ध्येय खोटं होतं का? तसं म्हणता येत नाही. 'वेळेवर पोचायचंय' हे जवळचं ध्येय त्या क्षणी वरचढ ठरलं, इतकंच. म्हणून प्रश्नावलीत नुसतं 'तुमचं ध्येय काय?' विचारून थांबू नका. त्या वेळी माणसामागे कोणतं काम लागलं होतं, तेही नोंदवा.